कर्म आणि क्रम: ‘डायब्लो २’ मधली चिन्हं वाचायची कशी

‘डायब्लो २’ या कॉम्प्युटर गेममधली माझी पहिली ‘स्पिरिट’ तलवार झालीच नाही. चार सॉकेटची, म्हणजे चार खाचांची, क्रिस्टल स्वोर्ड होती, त्या खाचांत बसवायचे चारही रून (चिन्ह कोरलेले दगड) हातात होते, आणि वहीच्या मागच्या पानावर ‘थूल टाल ऑर्ट आम्न’ असं लिहून घेतलेलं होतं. सायबर कॅफेत शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या दादाने सांगितलं होतं, मी घाईत पहिले दोन उलटे लिहिले. चौथा रून बसवला, टक्क आवाज आला आणि नाव सोनेरी व्हायच्या ऐवजी राखाडीच राहिलं: ‘जेम्ड क्रिस्टल स्वोर्ड’. दादाने मान वळवून स्क्रीन बघितली आणि म्हणाला, “तुला ‘कर्म’ लिहायचं होतं, तू ‘क्रम’ लिहिलंस.”

रून कसे वाचायचे याचं याहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. अक्षरं तीच, र तोच. एकदा तो रफार होऊन डोक्यावर बसतो, एकदा पायाशी येतो, आणि शब्दच बदलतो. ‘डायब्लो २’ मधला रून अगदी असाच वागतो. एकट्याचा अर्थ वेगळा, ढालीत वेगळा, तलवारीत वेगळा, आणि ठरलेल्या ओळीत बसला की आणखी वेगळा.

मूळ खेळ २००० सालचा. रून आले २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्तारात. २०२१ मध्ये ‘रिसरेक्टेड’ नावाने तोच खेळ नव्या चित्रांसह परत आला. खाली जे सांगतोय ते नव्या आवृत्तीला लागू आहे, जुन्या विस्तारालाही बहुतेक सगळं.

आधी दोन सोपी चिन्हं

रूनपर्यंत पोचायच्या आधीच खेळ तुमची दोनदा परीक्षा घेतो, आणि दोन्ही वेळा नवखे लोक अंदाजाने बटणं दाबत बसतात.

पहिली पहिल्या अंकात. डार्क वुडमधल्या इनिफस झाडातून एक गुंडाळी मिळते. तिच्यावरची लिपी तुमच्या पात्राला वाचता येत नाही. ती तशीच घेऊन स्टोनी फील्डमधल्या दगडांकडे धावू नका. आधी छावणीत अकाराकडे जा, ती भाषांतर करून देते. मग इन्व्हेंटरीत त्या गुंडाळीवर राइट क्लिक केलं की पाच उभ्या दगडांचा नकाशा उघडतो आणि कोणत्या दगडाला कितव्यांदा हात लावायचा ते कळतं. तो क्रम प्रत्येक नव्या खेळात बदलतो, त्यामुळे मित्राचा क्रम पाठ करून उपयोग नाही. बरोबर जुळला की ट्रिस्ट्रमचं दार उघडतं आणि डेकार्ड केनला सोडवता येतं. केन पुढे सगळ्या अनोळखी वस्तू फुकट ओळखून देतो, म्हणून हे काम टाळू नये.

दुसरी दुसऱ्या अंकात. कॅनियन ऑफ द मॅजायमध्ये सात कबरी आहेत आणि प्रत्येकीच्या दाराशी एक चिन्ह. खरी टाल राशाची कबर एकच. आर्केन सँक्चुअरीत होराझोनची रोजनिशी सापडते. ती चिन्हं सांगते ती खोट्या सहा कबरींची. जे त्यात नाही ते खरं. उत्तर नसण्यात लपवण्याची ही युक्ती मला फार आवडते. पण रोजनिशी वाचल्यावर क्वेस्ट लॉगमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, खरं चिन्ह दिसतंच, त्यामुळे डोकं खाजवायची गरज नाही. क्यू दाबा, चिन्ह बघा, दाराशी जाऊन जुळवा. हेही दर खेळात बदलतं.

३३ अक्षरांची बाराखडी

रून एकूण ३३. एल पहिला, झोड शेवटचा. दगडावर कोरलेली ती चिन्हं बघून अनेकांना वाटतं की खऱ्या रून लिपीचं पुस्तक काढलं तर अर्थ सापडेल. उत्तर युरोपातली खरी जुनी रून लिपी २४ चिन्हांची आहे. खेळातली नावं आणि गुण खेळाचेच, तेव्हा तो रस्ता सोडा.

सगळे ३३ पाठ करायची गरज नाही. गटांनी वाचा.

टाल, राल, ऑर्ट, थूल ही चौकडी सगळ्यात आधी ओळखीची होते. टाल म्हणजे विष, राल म्हणजे आग, ऑर्ट म्हणजे वीज, थूल म्हणजे थंडी. शस्त्रात बसवले तर ते मारतात, अंगावरच्या वस्तूत बसवले तर वाचवतात. रालचं बघा: तलवारीत ५ ते ३० आगीचं नुकसान, चिलखतात किंवा हेल्मेटमध्ये आगीचा प्रतिकार ३० टक्के, ढालीत ३५ टक्के. ढालीला पाच टक्के जास्त, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आयो, लुम, को, फाल हे चौघे अगदी सरळ: अनुक्रमे व्हायटॅलिटी, एनर्जी, डेक्स्टेरिटी, स्ट्रेंग्थ या पात्राच्या मूळ गुणांत प्रत्येकी १०. कुठेही बसवा, तेच देतात. गुल, वेक्स, ओम, लो अंगावरच्या वस्तूंत प्रतिकाराची कमाल मर्यादाच ५ टक्क्यांनी वाढवतात: विष, आग, थंडी, वीज या क्रमाने. (ओम रून पहिल्यांदा पडला की आपल्याकडचा प्रत्येक जण एकदा तरी हसतो.)

बाकीच्यांत काही जण सुटे वापरायलाही चांगले. शाएल शस्त्रात २० टक्के वेग देतो. इस्ट शस्त्रात जादुई वस्तू सापडायची शक्यता ३० टक्क्यांनी वाढवतो, इतरत्र २५. उम चिलखतात सगळे प्रतिकार १५ ने वाढवतो, ढालीत २२ ने. चाम अंगावर असला तर तुम्हाला कोणी गोठवू शकत नाही. झोड वस्तूला अभंग करतो.

एथ आणि इथ मात्र वेगळे आहेत बरं का. बोलताना एकच वाटतात. मी एकाला फोनवर ‘इथ’ सांगितलं आणि त्याने ‘एथ’ बसवला. एथ पाचवा, इथ सहावा. कोणाला सांगताना क्रमांक सांगा.

पहिला शब्द: स्टेल्थ

आता अक्षरं जोडू. सुरुवातीला सगळ्यांनी बनवावा असा शब्द म्हणजे स्टेल्थ: टाल, मग एथ, दोन सॉकेटच्या चिलखतात. क्विल्टेड आर्मर, लेदर आर्मर, दोन सॉकेटचं काहीही चालतं.

समजा चिलखतात फक्त टाल बसवला. विषाचा प्रतिकार ३० टक्के. मग एथ बसवला, मॅना (मंत्रांना लागणारी शक्ती) १५ टक्के जास्त वेगाने भरू लागला. सुटे असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण ओळ बरोबर आहे, चिलखत साधं आहे आणि सॉकेट नेमके दोनच आहेत, म्हणून नाव सोनेरी होतं आणि वरून आणखी मिळतं: २५ टक्के जलद चाल, २५ टक्के जलद मंत्र, घाव बसल्यावर २५ टक्के लवकर सावरणं, डेक्स्टेरिटी ६, स्टॅमिना १५, जादूचं नुकसान ३ ने कमी. अक्षरांचा स्वतःचा गुण कुठे जात नाही; तो शब्दाच्या आत राहतोच. कोणताही रूनवर्ड, म्हणजे रून जोडून झालेला शब्द, वाचताना आधी अक्षरांचा वाटा बाजूला काढा, उरलेला तो शब्दाचा.

हा लेव्हल १७ ला घालता येतो. का १७? कारण टालची अट १७ आहे. शब्दातला सगळ्यात मोठा रून जी लेव्हल मागतो तीच शब्दाची. स्पिरिट २५ ला, कारण आम्न २५ मागतो. वस्तूची स्वतःची अट त्याहून मोठी असेल तर ती लागू होते, एवढंच.

बसवण्याआधी चार गोष्टी तपासा

वस्तू साधी हवी, म्हणजे नाव पांढरं किंवा राखाडी. सॉकेट असलेल्या साध्या वस्तूचं नाव राखाडी दिसतं. निळ्या, पिवळ्या, हिरव्या, सोनेरी वस्तूत सॉकेट असले तरी शब्द बनत नाही. रून सुटेच काम करतात. निळी, दोन सॉकेटची, देखणी तलवार बघून रून वाया घालवणारे दर आठवड्याला भेटतात.

सॉकेट नेमके हवेत. दोन अक्षरांचा शब्द तीन सॉकेटच्या चिलखतात चालत नाही, तिसरा रिकामा ठेवला तरी नाही. ‘जास्त आहेत तर बरंच’ हा विचार इथे महाग पडतो.

प्रकार जुळायला हवा. लीफ म्हणजे टिर, राल, पण फक्त स्टाफमध्ये. सॉर्सरेस या पात्राचा ऑर्ब किंवा नेक्रोमॅन्सर या पात्राची वाँड चालणार नाही.

आणि क्रम. त्याबद्दल वर सांगून झालंय. बसवायच्या आधी रून इन्व्हेंटरीत डावीकडून उजवीकडे एका ओळीत मांडून ठेवा आणि त्याच ओळीने उचला. माझ्या वहीपेक्षा ही पद्धत भरवशाची.

खेळानेच दिलेला धडा

पाचव्या अंकात माउंट एरिएटवर अडकलेल्या सैनिकांना सोडवलं की क्वाल-केक तुम्हाला तीन रून देतो: टाल, राल, ऑर्ट. बरेच जण ते स्टॅशमध्ये टाकून विसरतात. हे तीन एकत्र देण्यामागे कारण आहे. तीन सॉकेटची ढाल घ्या, लार्ज शील्ड किंवा काइट शील्ड, आणि राल, ऑर्ट, टाल असे बसवा. दिले त्या क्रमाने नाही. शब्द होतो एन्शंट्स प्लेज.

ढालीवर लिहिलेलं येतं: आग ४८, वीज ४८, विष ४८, थंडी ४३. आकडे विचित्र वाटतात ना? फोडून बघा. ढालीत प्रत्येक रून ३५ देतो. शब्द सगळ्यांना १३ देतो. ३५ आणि १३ मिळून ४८. थंडीचा थूल या शब्दात नाहीच, म्हणून शब्दाने तिला वेगळे ३० दिले: ३० आणि १३, म्हणजे ४३. गाळलेल्या अक्षराची भरपाई केली आहे.

आणि आता वेळ बघा. ही ढाल मिळते नॉर्मल या पहिल्या डिफिकल्टीच्या अगदी शेवटी. पुढची डिफिकल्टी नाइटमेअर, जिथे तुमचे सगळे प्रतिकार एका फटक्यात ४० ने घसरतात. ४३ आणि ४८ ने तो खड्डा भरून निघतो. खेळ बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, यात मला शंका नाही. हेल या तिसऱ्या डिफिकल्टीत घसरण १०० ची आहे, तिथे एवढ्याने भागत नाही.

एकच शब्द, दोन जागा

स्पिरिट म्हणजे टाल, थूल, ऑर्ट, आम्न, चार सॉकेट, तलवार किंवा ढाल. शब्दाचा वाटा दोन्हीकडे जवळपास सारखा: सगळ्या स्किल २ ने वर, मंत्राचा वेग २५ ते ३५ टक्के, सावरण्याचा वेग ५५ टक्के, व्हायटॅलिटी २२, मॅना ८९ ते ११२. जिथे ‘ते’ आहे तिथे आकडा शब्द बनतो त्या क्षणी ठरतो आणि नंतर बदलत नाही. ३५ चा आला तर उडी मारायची, २५ चा आला तर गप्प बसायचं.

अक्षरांचा वाटा मात्र पालटतो. तलवारीत विष, थंडी आणि विजेचं नुकसान, आणि आम्नमुळे प्रत्येक घावाला ७ टक्के रक्त तुमच्याकडे. ढालीत विष, थंडी, विजेचा प्रतिकार ३५-३५, आणि मारणाऱ्यालाच १४ चा फटका. सॉर्सरेस तलवारीने कोणाला मारत नाही, तेव्हा तिच्या हातातल्या स्पिरिटमधली चारही अक्षरं मुकी आहेत. ती तलवार धरते ती फक्त शब्दासाठी. ढालीत तीच अक्षरं बोलायला लागतात. म्हणून एकच स्पिरिट बनवणार असाल तर अनेक जण ढाल आधी करा म्हणतात. मी तलवार आधी म्हणतो, कारण चार सॉकेटची नेहमीची ढाल मोनार्क, आणि ती १५६ स्ट्रेंग्थ मागते. तेवढे पॉइंट तिथे घालवायचे की जिवात, हे ठरवायला थोडं खेळून झालेलं असावं लागतं. पॅलाडिन या पात्राला हा प्रश्न कमी छळतो, त्याच्या स्वतःच्या ढाली हलक्या असतात.

सॉकेट आणायचे कुठून

दोन रस्ते. पहिला लार्झुक, पाचव्या अंकातला लोहार. तिथलं पहिलं काम केलं की तो एका वस्तूला सॉकेट पाडून देतो, प्रत्येक डिफिकल्टीत एकदा. साध्या वस्तूला तो शक्य तेवढे जास्तीत जास्त पाडतो, आणि नेमकं तिथेच लोक फसतात. क्रिस्टल स्वोर्डला किती सॉकेट पडणार हे ती कुठल्या पातळीच्या भागात पडली यावर आहे: २५ पर्यंत तीन, २६ ते ४० मध्ये चार, त्याच्यावर सहा. हेलमध्ये सापडलेली चकचकीत तलवार लार्झुककडे नेली तर सहा सॉकेट होतात आणि स्पिरिट गेली. नॉर्मलच्या शेवटाला किंवा गाईंच्या गुप्त पातळीत पडलेली साधी तलवार जपून ठेवा, ती चारवर थांबते.

दुसरा रस्ता होराड्रिक क्यूब, म्हणजे वस्तू एकत्र टाकून नवी करायची पेटी. चिलखताला टाल, थूल आणि परफेक्ट टोपाझ. शस्त्राला राल, आम्न आणि परफेक्ट ॲमेथिस्ट. हेल्मेटला राल, थूल आणि परफेक्ट सफायर. ढालीला टाल, आम्न आणि परफेक्ट रुबी. वस्तू साधी, विनासॉकेटची हवी; ‘सुपीरियर’ लिहिलेली क्यूब घेत नाही, लार्झुक घेतो. क्यूब आत फासा टाकतो, एक ते सहा, आणि वस्तूच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त आलं तर कमालच धरतो. मोनार्कची मर्यादा चार आहे, म्हणजे चार, पाच, सहा तिन्हींना चारच मिळतात. निम्मी शक्यता. वाईट नाही.

रून कुठे मिळतात

सुरुवातीला काउंटेस नावाची शत्रू. पहिल्या अंकात ब्लॅक मार्शमधल्या पडक्या मनोऱ्याखाली पाच मजले उतरायचे. ती आगीची आहे, तेव्हा अंगाला चिकटून मारू नका. तिच्याकडे रूनचा स्वतंत्र वाटा असतो: नॉर्मलमध्ये रालपर्यंत, नाइटमेअरमध्ये आयोपर्यंत, हेलमध्ये इस्टपर्यंत. स्टेल्थसाठी नॉर्मलमध्ये, स्पिरिटसाठी नाइटमेअरमध्ये.

चौथ्या अंकात हेलफोर्जवर मेफिस्टोचा सोलस्टोन फोडला की एक रून नक्की: नॉर्मलमध्ये एल ते आम्न, नाइटमेअरमध्ये सोल ते उम, हेल डिफिकल्टीत हेल रून ते गुल.

छोटे रून क्यूबमध्ये चढवताही येतात. ऑर्टपर्यंत तीन सारखे टाका, वरचा एक मिळतो. थूलपासून पुढे सोबत एक रत्नही लागतं. पहिल्यांदा चिप्ड टोपाझ, त्याने तीन थूलचा एक आम्न होतो. पुलपासून दोनच पुरतात. पण हिशेब करा. एकटे एल जमवून एक थूल करायचा तर १९,६८३ एल लागतील. पुलपासून बेर करायचा तर ५१२ पुल. चढवणं एक-दोन पायऱ्यांसाठी, जास्तीचे राल ऑर्ट करायला. त्याच्या पलीकडे ते गणित आहे, खेळ नव्हे.

पुढचे शब्द, थोडक्यात

हेल्मेटला लोर: ऑर्ट, सोल. सगळ्या स्किल एकने वर. दुसऱ्या अंकात ग्रीझकडून मिळणाऱ्या भाडोत्री सैनिकाच्या हत्याराला इनसाइट: राल, टिर, टाल, सोल, चार सॉकेटच्या पोलआर्ममध्ये (लांब दांड्याचं पातं). त्याच्या मेडिटेशन प्रभामंडळाने तुमचा मॅना एवढा वेगाने भरतो की पोशन विकत घ्यायची सवय सुटते. ही पोलआर्म इथीरियल, म्हणजे जास्त मारा करणारी, मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण इथीरियल वस्तू दुरुस्त होत नाही पण सैनिकाच्या हातात ती झिजतही नाही.

मॅलिसच्या नादी लागू नका. इथ, एल, एथ, तिन्ही फालतू रून, म्हणून मोह होतो. पण तो शब्द तुमचंच रक्त हळूहळू पितो. नावातच लिहिलंय, वाचत कोणी नाही.

एनिग्मा, जाह, इथ, बेर, चिलखताला टेलिपोर्ट देतो. सगळ्यांना तोच हवा असतो. माझ्याकडे इथ भरपूर आहेत.

उलटं बसलं तर

एक हेल रून आणि एक टाउन पोर्टलची गुंडाळी त्या वस्तूसोबत क्यूबमध्ये टाका. सॉकेट मोकळे होतात, वस्तू वाचते, आत बसवलेले रून मात्र जातात. म्हणून आधी तोला: तलवार दुर्मिळ की रून? क्रिस्टल स्वोर्ड दुसरी मिळेल, पण टाल, थूल, ऑर्ट, आम्न जाणारच आहेत, मोकळी करा किंवा करू नका. चांगली इथीरियल पोलआर्म असेल तर हेल खर्च करा. साधी क्विल्टेड आर्मर असेल तर व्यापाऱ्याला विका आणि हेल ठेवून द्या.